पाटीवाल्याची काच

वेंगुर्ल्यात दाभोसवाड्याच्या वळणावर माझं दुकान:
ॲक्रिलिकची अक्षरं, घरांची नावं,
डॉक्टरांच्या वेळा, 'कुत्र्यापासून सावध'.
सत्तावीस वर्षं प्लास्टिक कापतोय
ते लोकांना लांबून दिसावं म्हणून.

रुझार आल्मेडा आला तो ऐन मे महिन्यात,
कोपरापर्यंत ग्रीस.
म्हणाला, 'माका अशी पाटी व्हयी
जी कोणाक दिसाची नाय.'

बर्फाच्या बंद कारखान्यात त्याचं विमान उभं होतं.
दोन माणसांचं. पंखांवर अजून कापड नाही,
फासळ्या उघड्या, वाळत घातलेल्या मोरीसारख्या.
बावीस वर्षं शारजात दुसऱ्यांच्या विमानांचे नट पिळले,
आता हे. पेट्रोलची टाकी नाकात,
आणि टाकीमागे, तोंडासमोर, नुसतं भोक.

तिथे काच हवी. काच म्हणायचं;
काच नव्हे ती.

दोन पट्ट्या कापल्या, एक ॲक्रिलिकची, एक पॉलिकार्बोनेटची,
धनुष्यासारख्या वाकवून सुतळीने बांधल्या,
वर पेट्रोलचा बोळा ठेवून रात्रभर सोडल्या.
सकाळी पॉलिकार्बोनेटला सुरकुत्या,
उजेडाकडे तिरपं धरलं तरच दिसाव्यात इतक्या बारीक.
ॲक्रिलिक ढिम्म.
मग रुझारने हातोडी घेतली.
पॉलिकार्बोनेटला साधा पोचा आला.
ॲक्रिलिकचे तुकडे आम्ही जेवायच्या वेळेपर्यंत वेचत होतो.

एकाला पेट्रोल सोसवत नाही, दुसऱ्याला मार.
आणि बंदरावर लिलावाच्या वेळी
घारी किती असतात ते मी सांगायला नको.
रुझार बराच वेळ छपराकडे बघत बसला.
टाकी गळणार नाही असं त्याने म्हटलं नाही,
त्याने आयुष्यभर गळणाऱ्या टाक्याच पाहिल्या होत्या.
शेवटी म्हणाला, 'ॲक्रिलिक. पण जाड घे.
घारीक सांगूया, जरा बाजून जा गे बाये.'

मापासाठी जुना फ्लेक्स घेतला,
गेल्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचा.
त्याचे जोडलेले हात डाव्या खांबावर आले,
हसू बरोबर मधोमध.
आठवडाभर विमान मत मागत उभं राहिलं.

ड्रिलचं टोक मी मुद्दाम दगडावर मारलं.
धारदार बिट प्लास्टिकला चावतं,
पलीकडून बाहेर पडताना लचका तोडतं.
खाली फणसाची फळी, वर साबणाचं पाणी,
चौतीस भोकं.
एकतिसाव्याला दुकानातून फोन वाजला
आणि मी हात जरा जड केला.

टक्.

इतकाच आवाज. सुपारी फुटावी तसा.
रुझारने भेगेच्या टोकाला एक बारीक भोक पाडलं,
ती पुढे पळू नये म्हणून, आणि ड्रिल खाली ठेवलं.
शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.
तो तुकडा आता मानशी जत्रेत
बाबल गवंड्याच्या खाज्याच्या टोपलीवर असतो.

दुसरा पत्रा कोल्हापूरहून यायला अकरा दिवस.
या खेपेला प्रत्येक भोक स्क्रूपेक्षा सुताभर मोठं,
कारण दुपारच्या उन्हात हे फुगतं,
आणि फुगायला जागा नसली की स्वतःलाच फाडतं.
स्क्रू आवळायचा, टेकला की अर्धा फेरा मागे.
मला ते जमेना. आवळलेलं सैल करायचं
मनगटाला कुणी शिकवलंच नव्हतं.
रुझारने माझ्या हातावर हात ठेवून
पहिले चार फिरवले.

मग दोन्हीकडचा कागद सोलला.
सीटवर बसलो. कारखान्याचा दरवाजा उघडा होता.
समोर बंदर, दीपगृह, एक परतणारा ट्रॉलर,
आणि मध्ये काहीच नाही.
बोट लावून पाहिलं. होतं.

उडायचा कागद दिल्लीहून अजून आलेला नाही.
येईल, असं रुझार म्हणतो, पोस्टमनला रोज विचारतो.

प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात
मी माझ्या फोन नंबराचा स्टिकर लावतो.
त्या दिवशीही हात सवयीने खिशात गेला.
रुझार बघत होता.
मी खिशातून फडकं काढलं
आणि माझ्या बोटाचा ठसा पुसला.